नाळेवरची अक्षरं: हर्णैत चाललेल्या एका जाड फॉन्टच्या नोंदी

२८ एप्रिल २०२४

आजपासून लिहून ठेवते, नाहीतर नंतर कुठला निर्णय का घेतला ते आठवत नाही.

सुरुवात एका बोटीच्या नावावरून झाली. शेजारच्या नाखवांनी बोट रंगवून घेतली आणि नाव रेडियममध्ये कापून आणलं, कारण आमच्या बंदरावर तीसेक वर्षं बोटींची नावं रंगवणारे पेंटरकाका मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर शिडीवर चढत नाहीत. बोटीचं नाव दर्यासागर. दुकानातून कापून आलं दऱ्यासागर. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आणि ही बोट डोंगरात जाणार नाहीये. टाइप करणाऱ्याने साध्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ घेतला म्हणून रफार डोक्यावर न जाता आडवी चंद्रकोर होऊन य ला चिकटली, एवढीच चूक, पण नाखवा दोन दिवस जेवले नीट नाहीत. शिवाय तो फॉन्ट पुस्तकातला, त्याचा बोल्ड म्हणजे सगळीकडून सारखा फुगवलेला, पुळणीवरून बघितलं तर सा आणि ग मधलं काही कळत नव्हतं, नुसती एक काळी पट्टी.

तर ठरवलंय की काकांच्या अक्षरावरून एक जाड डिस्प्ले फॉन्ट करायचा, म्हणजे मोठ्या अक्षरात लावायचा. एकच वजन, सगळ्यात जाड. कामापुरतं नाव नाळ, कारण बोटीच्या नाळेवरच, म्हणजे पुढच्या टोकावरच, ही अक्षरं बसतात. आज संध्याकाळी मासळीच्या लिलावाच्या आधी ४३ फोटो काढले.

५ मे

आज दिवसभर काकांच्या अंगणात. त्यांनी फळीवर खडूने एक शब्द काढून दाखवला, श्री एकवीरा. मी बघत होते की आधी काय काढतात. दोरीला खडू लावून दोन रेघा मारल्या, वरची शिरोरेखेची आणि खालची पायाची, मग अक्षराचं बाहेरचं अंग काढलं आणि मग आत जिथे जिथे पांढरं राहायला हवं तिथे बारक्या फुल्या मारल्या. श्रीत तीन, ए मध्ये एक, क मध्ये दोन. विचारलं, काका या कशाला? तर म्हणाले, "तिथं ब्रश न्यायचा नाय गो बाय." एवढंच. मी ते वहीत लिहून घेतलं पण तेव्हा फार विचार केला नाही.

बाकी निरीक्षणं. चपटा ब्रश ते बोरूसारखाच धरतात. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलटा कापलेला असतो, त्यामुळे आपल्याकडे डावीकडून वरून उजवीकडे खाली येणारी तिरपी रेघ बारीक होते आणि तिच्या उलट तिरपी जाड. काकांना हे कोणी शिकवलेलं नाही पण त्यांच्या प्रत्येक अक्षरात ते आहे, आणि जाड फॉन्टसाठी हे फार कामाचं आहे कारण जागा वाचवायची तर कुठली रेघ बारीक केली तर खटकणार नाही हे त्यातून आपोआप कळतं. रोमनची सवय लागलेले लोक (मी पण कॉलेजात हेच केलं होतं) नेमकी उलटी रेघ बारीक करतात आणि मग अक्षर परकं दिसतं, का दिसतं ते सांगता येत नाही, पण दिसतं.

कोपरे सगळे किंचित गोल. ब्रशमुळे तसं होतंच, पण काका म्हणाले टोकदार कोपऱ्याचा रंग खाऱ्या हवेत आधी सुटतो. रेडियमचंही तेच, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. म्हणजे गोलाई नुसती शोभेची नाही. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरने १९२२ मध्ये केलेला कूपर ब्लॅक आठवला, त्याचीही सगळी टोकं मऊ आहेत आणि शंभर वर्षं लोक तो दुकानांच्या पाट्यांवर लावतायत.

१४ मे

ग्लिफ्समध्ये, म्हणजे फॉन्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिली २२ अक्षरं झाली. मोजमाप असं धरलंय की शिरोरेखेपासून पायापर्यंत अक्षराचं अंग ६०० युनिट. बोटीवर हे अंग एक फुटाचं असतं, म्हणजे एक युनिट साधारण अर्धा मिलिमीटर, हिशोब डोक्यात करता येतो. उभा दंड १९०, शिरोरेखा १२०. शिरोरेखा दंडाएवढीच जाड केली की सगळा शब्द छपरासारखा वरून दबतो. आतली पांढरी फट कमीत कमी ३०.

पडद्यावर फार सुंदर दिसतंय. गुबगुबीत, भरलेलं, मधून पांढऱ्या बारीक चिरा. आज आनंदात झोपणार.

अडलेली जागा: घ आणि ध. पुस्तकी जाडीत ध ची शिरोरेखा तुटलेली आणि वर छोटी गाठ, म्हणून फरक कळतो. एवढ्या जाडीत ती तुटलेली जागा भरून येते आणि दोन्ही एकच. तोच प्रकार भ आणि म चा. ख ला मराठीत खालून जोडून घेतो म्हणून रव वाचलं जात नाही ही मोठी सोय, पण ती जोडणारी शेपटी जाड केली की पोट बंद होतं. उद्या.

१५ मे

ध ची गाठ आत न वळवता वर बाहेर काढली, शिरोरेखेच्या ३५ युनिट वर. जमलं. भ ला पण तेच.

२२ मे

चाचणीसाठी शब्द लागतात. मी शोधत बसले होते आणि मग लक्षात आलं की आमच्याच पट्ट्यातली गावं घेतली की देवनागरीतल्या निम्म्या अडचणी आपोआप समोर येतात. आंजर्ले: ज च्या डाव्या अंगाला अनुस्वार आणि पुढे लगेच रफार आणि मात्रा एकाच ल वर. केळशी: ळ ची दोन पोटं, श ची गाठ. बुरोंडी: काना, मात्रा, अनुस्वार, आणि त्यांच्याच शेजारी डी ची वेलांटी वरून येऊन टेकते. मुरुड: र चा उकार बाकीच्यांसारखा पायाखाली न जाता कमरेला लागतो. दाभोळ, पाजपंढरी, सुवर्णदुर्ग.

आणि आमचं हर्णै. ण वर दोन मात्रा आणि त्यावर रफार. बाहेरचे लोक हर्णे लिहितात, हरणई लिहितात, त्याचं मला लहानपणापासून वाईट वाटतं, आणि आज कळलं की बऱ्याच जाड फॉन्टमध्ये ते नीट उमटतच नाही, वरच्या तिन्ही रेघा एकमेकींत घुसून एक गोळा होतो. साध्या फॉन्टमध्ये मात्रांवर रफार नुसता ठेवून दिला तरी चालतं, कारण रेघांमध्ये हवा असते. इथे प्रत्येक रेघ ११० युनिट जाड, तीन मिळून ३३०, शिवाय मधे पांढरं. एवढी उंची कुठून आणणार? बोटीवर एकच ओळ असते म्हणून वर कितीही जा, पण आंब्याच्या पेटीवर दोन ओळी आल्या की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला धडकतो.

मग काकांच्या फोटोंमध्ये शोधलं, त्यांनी र्णै कसं काढलंय. सापडलं एका जुन्या होडीवर. त्यांनी दोन मात्रा वर-खाली न ठेवता डावीकडे पसरवून एकीला दुसरीच्या कुशीत घेतलंय आणि रफार दंडाच्या उजवीकडे ढकललाय, म्हणजे तिन्ही रेघा उंचीत न जाता रुंदीत गेल्या, ण मुळातच रुंद असल्यामुळे खाली जागा होतीच. मी तसंच केलं, ै आणि रफार मिळून एकच वेगळा ग्लिफ, म्हणजे फॉन्टमधला एक आकार, आणि जिथे हे दोन एकत्र येतील तिथे तोच यावा असा नियम. अरुंद अक्षरांसाठी अजून एक लागेल. र्गै, र्वै, कुठे येतात बघायला हवं, निर्वैर, दुर्दैव. दुर्दैव तर रोज लागणारा शब्द आहे. खाली दु चा उकार, वर र्दै, आणि द चं पोट.

अनुस्वाराचा ठिपका १५०चा गोल ठेवला. आधी १९० होता, तो आंब्याएवढा दिसत होता.

२ जून

कालपासून मासेमारी बंदी, ३१ जुलैपर्यंत. मोठ्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत गेल्या, होड्या पुळणीवर ओढून शाकारायचं काम चालू आहे. पाऊस यायच्या आत बाहेरची चाचणी उरकायची म्हणून दापोलीहून फ्लेक्स छापून आणला होता, हर्णै, दर्यासागर, महालक्ष्मी, एक फूट अंगाची अक्षरं, निळ्यावर पांढरी. दोन होड्यांच्या मध्ये बांधला आणि भावाला घेऊन उलटं चालत गेले.

वीस पावलांवर उत्तम. चाळीस पावलांवर उत्तम. साठ-सत्तरच्या पुढे क्ष्मी बंद झालं. शंभरावर ळ ण ष सगळे एकसारखे ठोकळे, हर्णै मधला ण म्हणजे खांब. आणि हे भर दुपारी, संध्याकाळी तर काही बोलायलाच नको. महिनाभर पडद्यावर ज्या चिरांवर मी खूश होते त्याच सगळ्यात आधी गेल्या.

घरी येऊन हिशोब मांडला, तो आधीच मांडायला हवा होता. चांगली नजर एक कलेचा कोन वेगळा ओळखते, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर तो होतो २९ मिलिमीटर. माझी फट ३० युनिट, म्हणजे १५ मिलिमीटर, म्हणजे साधारण ५० मीटरच्या पुढे ती डोळ्याला मिटणारच. शंभर मीटरवर वाचायचं असेल तर फट साठच्या आसपास हवी. आणि बोटीचं नाव शंभर मीटरवरून वाचता आलंच पाहिजे, घरची माणसं पुळणीवर उभी राहून कोण आलं ते बघत असतात, हातात धरून वाचायचं ते नाव नाही.

साठ म्हणजे दुप्पट. पांढरं दुप्पट केलं तर एकतर अक्षर रुंद होणार, आणि नाळेवर रुंदी मिळत नाही, किंवा काळं कमी होणार, आणि मग तो जाड फॉन्ट कसला? रात्री दोन तास हे दोन्ही करून बघितलं, दोन्ही वाईट.

मग वही उलटताना फुल्या दिसल्या.

३ जून

सकाळी काकांकडे गेले आणि जुन्या फळीवर टेप लावून त्यांची अक्षरं मोजली. बाहेरचे दंड आठ-नऊ सेंटीमीटर. आतल्या रेघा, म्हणजे ष ची तिरपी, क्ष ची गाठ, ण चा मधला पाय, सहा सेंटीमीटर, कुठे साडेपाच. लांबून कधी लक्षातच आलं नाही की त्या बारीक आहेत. वजन सगळं कडेला, आणि पोट हलकं. डोळा अक्षराचा जाडपणा बाहेरच्या अंगावरून ठरवतो, आतलं तो फक्त ओळखायला वापरतो, हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे.

सगळं पुन्हा. दंड १८०, आतल्या रेघा ११५ ते १२५. मागच्या लेयरवर ६० युनिटचा एक गोल ठेवलाय, तो प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक पांढऱ्या जागेत मावला पाहिजे, मावला नाही तर अक्षर नापास. काकांची फुली म्हणजे माझा हा गोल.

८ जून

परवा पाऊस आला. लाइट जाऊन येऊन आहे. २२ पैकी १६ अक्षरं गोलात पास.

सांधे अजून भरतात. जिथे वळण दंडाला भेटतं तिथे छपाईत शाई साचते, ब्रशने रंग साचतो, म्हणून सांध्यात आत एक खाच घेतली, २० युनिट खोल. ही युक्ती बारीक अक्षरांतली. अमेरिकेतल्या फोन डिरेक्टरीसाठी मॅथ्यू कार्टरने १९७८ मध्ये बेल सेंटेनियल केला त्यात सांध्यांना अशा खोल खाचा आहेत, स्वस्त कागदावर शाई पसरली की त्या बुजून अक्षर नीट दिसावं म्हणून. तिथे अक्षर मुंगीएवढं आणि इथे फुटाचं, पण पसरणाऱ्या रंगाचा स्वभाव तोच.

१९ जून

ल आणि श. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयातही तेच ठरलंय, आणि तरी निम्म्या फॉन्टमध्ये हिंदीचे आकार आधी येतात, मराठीचे आत कुठेतरी दडवलेले असतात, भाषा मराठी निवडली तरच बाहेर येणारे. रेडियमच्या दुकानात भाषा कोण निवडणार? तिथे टाइप करतात आणि कापतात. म्हणून नाळमध्ये उलटं केलंय, मराठी ल श सरळ येणार, हिंदीवाल्यांनी भाषा निवडावी. हे मी कोणाशी चर्चा न करता ठरवलंय आणि बदलणार नाही.

ल च्या दोन पाकळ्या जाडीत फार छान बसतात, त्यात साठचा गोल आरामात मावतो. श ची गाठ मात्र पाच वेळा काढली.

दर्या आणि दऱ्या दोन्ही आज नीट वेगळे झाले. चंद्रकोर इतकी ठसठशीत केलीय की टाइप करणाऱ्याला पडद्यावरच कळावं आपण चुकलो. आधी ती शिरोरेखेच्या खाली एक आडवी डॅश वाटत होती, आता तिला खाली वाकलेलं पोट दिलंय.

७ जुलै

वापराबद्दल. मामेभावाने घरच्या पूजेची अख्खी आमंत्रण पत्रिका नाळमध्ये लावली आणि कौतुकाने मला पाठवली. पत्ता, वेळ, सगळं. बारा पॉइंटला ते वाचताच येत नाही, आणि येणारही नाही, कारण हे अक्षर ओरडण्यासाठी आहे, चार-पाच शब्दांच्या पुढे ते नेलं की माणूस थकतो. त्याला मजकुरासाठी मुक्त नावाचा साधा फॉन्ट लावून दिला आणि वर फक्त "श्री सत्यनारायण" नाळमध्ये ठेवलं. लगेच पत्रिका झाली.

या जातीची अक्षरं जन्मालाच भिंतीसाठी आली. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉटरीच्या आणि नाटकांच्या जाहिराती भिंतींवर लागायला लागल्या तेव्हा पुस्तकाची अक्षरं फुगवून पहिले जाड टाइप आले, आणि मग न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी टाइपचं उत्पादन यंत्रावर आणलं, कारण शिशाची एवढी मोठी अक्षरं जड आणि महाग. आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगेंनी प्रत्येक नाटकाला त्याचं स्वतःचं अक्षर दिलं, ते मी लहानपणी पेपरातून कापून ठेवायचे. त्यांची अक्षरं बघून हेही कळतं की जाड म्हणजे एकच आवाज नाही.

आधीच्यांनी काय केलंय तेही शेजारी लावून बघितलं. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा मोदक फॉन्ट: त्यात आतलं पांढरं नुसत्या रेघेवर आणलंय, माझी पहिली आवृत्ती तिकडेच चालली होती, आणि हातातल्या पुस्तकाच्या कव्हरवर किंवा मिठाईच्या डब्यावर तो जे करतो ते नाळला कधी जमणार नाही. बलू गोल आणि प्रेमळ. यात्रा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून आलाय, म्हणजे कामाच्या जातीने तो नाळचा सगळ्यात जवळचा, लांबून वाचायचा, फक्त तिथे पाटी स्थिर असते आणि इथे लाटेवर हलते.

पेटीवर लावून बघितलं, "देवगड हापूस" आणि "केळशीचा हापूस". पुठ्ठ्यावर शाई पसरते पण खाचा कामाला आल्या. लाकडी पेटीवर स्टेन्सिलने मारायचं तर व प ळ ची बंद पोटं पडून जातात, पूल ठेवावे लागतात, ते वेगळं काम आहे, आत्ता नाही. कोकम सरबताच्या बाटलीवर चांगला. मसाल्याच्या पाकिटावर नाव चांगलं, "साहित्य व कृती" अजिबात नाही.

२४ जुलै

दर्यासागरच्या मापाने रेडियम कापून आणलं आणि शब्दभर आडव्या-उभ्या भेगा आल्या. कारण सोपं होतं पण माझ्या डोक्यात आलं नव्हतं: देवनागरीत शिरोरेखा अखंड दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्यावर थोडी चढवलेली असते, पडद्यावर ते कळत नाही, पण कटर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि जिथे चढलीय तिथे दोन काप. आधी सगळा शब्द एकसंध करून मगच कटरला द्यायचा. दुकानदारासाठी हे मोठ्या अक्षरात लिहून फाइलसोबत देणार.

संध्याकाळी काकांना घेऊन खाडीवर गेलो. शब्द नाळेवर नुसता धरून बघितला आणि काका लगेच म्हणाले, वाकलाय. मी पट्टी लावली, शिरोरेखा सरळ होती. पण बोटीची फळी नाळेकडे वर चढत जाते, तिच्यावर सरळ रेघ ठेवली की डोळ्याला ती खाली घसरलेली दिसते. काका कायम शिरोरेखा फळीच्या चढाबरोबर नेतात, अक्षरांचे दंड मात्र उभेच ठेवतात, तिरपे करत नाहीत. फॉन्टमध्ये हे येणार नाही. मग असं ठरलं की नाव रेडियमचं नाही, रंगाचंच: शब्द कागदावर पूर्ण मापात छापायचा, अक्षरं सुटी कापायची, चढाप्रमाणे एकेक वर सरकवत चिकटवायची, कडेने सुईने भोकं पाडून निळीची पुरचुंडी आपटायची, आणि उमटलेल्या ठिपक्यांवर नाखवांचा मुलगा ब्रश चालवणार. काका खाली खुर्चीवर बसून सांगणार.

२८ जुलै

दर्यासागर झालं. मुलाचा हात थरथरत होता, पण ठिपक्यांच्या आत राहिला. काकांनी शेवटी स्वतः उठून रफार पक्का केला, तो त्यांनी माझ्यापेक्षा दोन बोटं वर नेला, आणि तो तिथेच बरोबर आहे. फाइलमध्येही रफार तेवढाच वर घेतला.

१९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

बंदरावर नारळ झाला. पाऊस थांबून थांबून. दुपारनंतर दर्यासागर सुवर्णदुर्गाच्या अंगाने येत होती तेव्हा मी पुळणीवर होते, काका शेजारी. त्यांना चष्म्यानेसुद्धा लांबचं धूसर दिसतं, ते मला विचारत नव्हते, स्वतःच बघत होते. साधारण शंभर मीटरच्या बाहेरच असेल, ते म्हणाले, "दर्या." थोड्या वेळाने म्हणाले, "सागर."

ग अजून उशिरा उघडतो. त्याचा आणि काना-दंडाचा मधला पांढरा पट्टा ६० आहे पण दोन जाड दंडांमध्ये तो अरुंद वाटतो, ७० करून बघायला हवा, आणि मग रा, णा, शा सगळ्यांनाच.

लिलावाच्या वेळी अजून एका नाखवांनी विचारलं, त्यांच्या बोटीचं नाव बिस्मिल्ला. त्यांची नाळ अरुंद आहे, चार फूट मिळतील फार तर, आणि बि ची वेलांटी, मग स्मि, मग ल्ला, अर्धा ल पाकळ्यांसकट. आज रात्री स्म ची उभी रचना काढून बघते, स वर आणि म खाली, काकांच्या एका फोटोत आहे तशी.